आधी तोंड, मग घसा

काल सकाळी राजस्थानातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. नवा गडी होता, माझा नंबर त्याला कुणीतरी दिलेला. मी 'हॅलो' म्हटलं तसा तो म्हणाला, शेठजी, यंदा माल कसा आहे? मी म्हटलं, शेठ नाही, बाई बोलतेय. तो खो खो हसला आणि म्हणाला, शेठ, मजाक मत करो. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, अर्धं आयुष्य या मिरचीच्या पथारीवर उन्हात गेलं, तरी अशा वेळी डोक्यात तिडीक जायची ती जातेच. बँकेतली पोरगी 'सर' म्हणते, गॅसवाला 'काका' म्हणतो. मोबाइलमधली ती बोलणारी बाई तर माझं काही ऐकूनच घेत नाही, दर वेळी 'पुन्हा बोला' म्हणते. पुन्हा काय बोलू? जन्मल्यापासून पुन्हाच बोलतेय. भाची म्हणते, मावशी, तू हे सगळं लिहून काढ, निदान कागद तरी तुला शेठ म्हणणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे. गोड लिहायचा माझा विचार नाही, तशी अपेक्षा असेल त्यांनी इथेच थांबावं.

आमचं घर नंदुरबारच्या वेशीवर, आणि घराला लागून आबांची पथारी. पथारी म्हणजे मोकळं, चोपून सपाट केलेलं रान, तिथे ओली लाल मिरची पसरून वाळवायची. दिवाळी झाली की गाड्या यायला लागत आणि होळीपर्यंत घराच्या तिन्ही बाजूंना जमीन म्हणून दिसत नसे, नजर जाईल तिकडे लालच लाल. देठ खुडायला पन्नास-साठ बाया यायच्या, नवापूरकडच्या डोंगरातल्या, तोंडाला फडकी बांधून रांगेने बसायच्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज, मधूनच कुणाची तरी शिंक, मग त्या शिंकेवरून हसणं, आणि पत्र्याच्या घमेल्यात मिरची पडली की होणारी ती कोरडी खळखळ, हे माझ्या लहानपणाचे आवाज. घरात चुलीवर दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, उडदाच्या दाळीचं घट्ट घुटं आणि तव्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळ्यांच्या ताटात ठेचा, माझ्या ताटात दूध-भाकरी. ही नंदीची, म्हणजे माझी, दूध-भाकरी म्हणजे आमच्या घरातला कायदाच होता, कारण माझा घसा.

माझा घसा जन्मापासून बसलेला. माय सांगायची, तू जन्मलीस तेव्हा रडलीस का नाही तेच कुणाला कळलं नाही, नुसतं मांजराचं पिल्लू फिसकारल्यासारखं काहीतरी झालं. माझा जन्म ऐन हंगामातला, पौषातला. त्यामुळे सगळ्या गावाने एका फटक्यात निदान करून टाकलं की पोरीला मिरचीचा ठसका लागला. आता मला सांगा, त्या पथारीवर शेकडो पोरं जन्मली-वाढली, खुडणाऱ्या बाया तान्ही लेकरं झोळीत बांधून दिवसभर त्याच धुळीत बसत, त्यांच्यातल्या एकाचाही आवाज गेला नाही. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिरचीवर जगणारं गाव, त्याला दुखणंही मिरचीचंच सुचणार. ज्येष्ठमध, अडुळसा, हळदीचं दूध, तुपात घोळलेला गूळ, सगळं माझ्या पोटात गेलं. हंगामात मला तीन-तीन महिने मामाच्या गावाला पाठवलं, तिथेही आवाज फाटक्या ढोलासारखाच राहिला, तरी परत आल्यावर म्हणत की बघा, जरा सुधारलाय.

आवाजासोबत आणखीही होतं. लहानपणी मला जरा कुठे खरचटलं की तिथे व्रण राहायचा, देवी आल्यासारखे खड्डे गालांवर, कोपरांवर. जीभ जाड, ती पूर्ण बाहेर काढता येत नसे. आणि दहा-अकरा वर्षांची झाले तेव्हा पापण्यांच्या काठावर बारीक दाण्यांची रांग उठली, राजगिरा चिकटवून ठेवावा तशी, ओळीने. व्रणांना लोक म्हणत पोर धसमुसळी आहे. जिभेला म्हणत लाडाने बोबडं बोलते. पापण्यांना म्हणत रांजणवाडी आहे, कुंकवाचं बोट लावा. चार गोष्टी, चार कारणं. या चारही एकाच पोरीला का होतायत, असं विचारणारा एकही शहाणा आमच्या पंचक्रोशीत निघाला नाही, आणि पंचक्रोशीत शहाण्यांची कमी होती असं नाही, आमच्या ओट्यावरच रोज सात-आठ बसलेले असायचे.

पण मला राग या अडाणीपणाचा नाही. अडाणीपणा मलाही आहे. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. माझा आवाज ऐकून परकं माणूस दचकायचं, मग घरच्यांना ओशाळं व्हायचं, म्हणून हळूहळू अशी रीत पडली की मला कुणी काही विचारलं तर उत्तर दुसऱ्याने द्यायचं. पाहुणे विचारत, बाळ नाव काय तुझं? आबा म्हणत, सुनंदा, घसा बसलाय तिचा जरा. मास्तर विचारत, पाढा म्हण, तर शेजारची मुलगी उठून म्हणायची. प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला शेवटच्या ओळीत उभं केलं आणि सांगितलं की तू नुसते ओठ हलव. सात वर्षं मी ओठ हलवले. दुकानात गेले तर दुकानदार माझ्याकडे न बघता भावाला विचारायचा की तिला काय पाहिजे. सगळे फार प्रेमाने करत हो हे. मारलं असतं तर निदान ओरडता तरी आलं असतं.

माय मात्र माझ्या वतीने बोलत नसे. ती कुणाच्याच वतीने बोलत नसे, स्वतःच्याही नाही. तिचा आवाज इतका स्वच्छ होता की हळदीच्या कार्यक्रमाला बाया तिला गायला ओढून न्यायच्या, पण पुरुषांच्या बैठकीत, त्यातही आबांच्या मोठ्या बहिणीसमोर, मी तिला पूर्ण वाक्य बोलताना कधी ऐकलं नाही. ही बहीण म्हणजे शेवंताआत्या. लोणखेड्याला दिलेली, शेतीवाडी भरपूर, आणि महिन्यातून दोनदा शहाद्याच्या एसटीतून उतरायची ती थेट आमच्या स्वयंपाकघरात. आबांचे आई-वडील लवकर गेले, आत्याने त्यांना वाढवलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शब्द. तिचा मुलगा दिलीप साखर कारखान्यावर नोकरीला होता. माझ्या बारशालाच आत्याने सांगून टाकलं होतं की भावाची लेक माझ्या घरात येणार. आमच्याकडे आत्याचा हा हक्कच धरतात. आबांचंही तसंच झालेलं, माय त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. घरातली मुलगी घरात, परकं काही नाही, असं सगळे कौतुकाने म्हणत.

सतरा वर्षांची झाले तेव्हा आमच्याकडे महिन्यातून एकदा सुरतेहून एक त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई यायला लागल्या. आत्याच मला घेऊन गेली, पापण्यांसाठी. बाई तरुण होत्या, मराठी-गुजराती मिसळून बोलायच्या. त्यांनी भिंग लावून पापण्या बघितल्या, कोपरं बघितली, मग जीभ बाहेर काढायला सांगितली. ती अर्धीच आली. त्या एकदम थांबल्या आणि मला म्हणाल्या, "काही तरी बोल." आत्या लगेच म्हणाली की तिचा घसा मिरचीने बसलाय. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही. ती." मी काय बोलावं? मला कुणी बोल म्हटलंच नव्हतं कधी. शेवटी मी आमचा पत्ता सांगितला, घर नंबरासकट. बाईंनी तो सगळा डोळे मिटून ऐकला. आणि मग त्यांनी मला एक नाव सांगितलं, लिपॉइड प्रोटिनोसिस. ते नीट म्हणायला मला वर्ष लागलं, अजूनही मधे जीभ अडखळते.

पुढे सुरतेच्या एका मोठ्या दवाखान्यात कातडीचा तुकडा काढून तपासला आणि नाव पक्कं झालं. बाईंनी आबांना कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या शरीरात सगळं जोडून, धरून ठेवणारं एक अस्तर असतं. माझ्या अस्तरात काचेसारखा घट्ट पदार्थ जन्मापासून साठत चाललाय, कातडीखाली, पापणीत, जिभेत, आणि घशात आवाजाच्या पट्ट्यांवर. फार थोड्या लोकांना होतं. मुळापासून बरं करणारं औषध नाही. पण लेझर आहे, म्हणजे प्रकाशाचा बारीक झोत, त्याने पट्ट्यांवरचा साठा थोडा-थोडा जाळून काढता येतो. पुन्हा साठेल, पुन्हा काढावा लागेल, पण आवाज मोकळा होईल आणि मुख्य म्हणजे श्वास. घशाची वाट अरुंद होत चालली आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या. तसाच लेझर पापण्यांवर आणि गालांच्या खड्ड्यांवरही करता येतो, पण दोन्ही एकदम नको, एक झालं की मधे काही महिने जाऊ द्यायचे. आधी घसा करू. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, तुमचं लग्न नात्यातलं आहे का? आबा ठामपणे म्हणाले, नाही. आमचं कूळ वेगळं, बायकोच्या माहेरचं कूळ वेगळं.

आबा खोटं बोलले नाहीत, हे मला आता कळतं. आमच्याकडे नातं म्हणजे भाऊबंद, एका कुळाचे, एका आडनावाचे. त्यांच्यात लग्न होत नाही, ते पाप. मामाची मुलगी म्हणजे दुसरं कूळ, दुसरं देवक, म्हणजे सोयरीक. आबांच्या हिशोबी डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं होतं की तुम्ही पाप केलंय का, आणि त्यांनी मान ताठ ठेवून नाही म्हटलं. बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं. माय मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा उलगडलं, एवढं मला दिसलं.

घरी आलो त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने झोके घेतले असतील. आवाज मोकळा होणार. मी आरशासमोर उभी राहून कशाकशाचा सराव केला म्हणून सांगू, दुकानात काय मागायचं, वर्गात हात कसा वर करायचा, एसटीत कंडक्टरला कसं दटावायचं. चौथ्या दिवशी शेवंताआत्या आली. ओसरीवर बैठक बसली. आबांनी सगळं सांगितलं. आत्याने विचारलं की दोन्ही एकदम होत नसेल तर आधी काय? आबा म्हणाले, डॉक्टर म्हणतात घसा. आत्या सुपारी कातरत होती, ती थांबलीसुद्धा नाही.

"आवाज कोन देखस रे भाऊ? लोके तोंड देखतस. आधी तोंड कर, आवाजनं मंग देखूत."

आवाज कोण बघतो, लोक तोंड बघतात. आज इतकी वर्षं झाली, हे वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं आहे, सुपारीच्या कटकटीसकट. येत्या हंगामाच्या तोंडाला सुपारी फोडायची, नात्यागोत्याचे पाहुणे येणार, पोरीच्या पापण्यांवर दाणे बरे दिसत नाहीत, आणि बोलायचं काय, सुनेला कुठे भाषण करायचंय, असं ती पुढे म्हणाली. आबा जरा चुळबुळले. मग म्हणाले, बरं. एवढंच, बरं. माझं आयुष्य दोन अक्षरांत निकालात काढलं आणि चहा मागवला.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा सांगितलं की घसा आधी. आबा म्हणाले, घरात ठरलंय. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मला विचारलं, तुला काय हवंय? मी तोंड उघडलं. घसा, एवढाच शब्द बोलायचा होता. पण माझा आवाज निघायला वेळ लागतो, आधी नुसती हवा येते, मग शब्द. त्या हवेच्या वेळात आबा बोलून मोकळे झाले, "तिची काही हरकत नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मला स्वतःचाही राग येतो तो या क्षणाचा. टेबलावर हात आपटायचा होता. पायातली चप्पल फेकायची होती. मी काय केलं, तर ओठ हलवले.

पापण्यांचा लेझर झाला. डोळ्यांत पापण्यांखाली धातूच्या बारीक वाट्या बसवल्या, भूल फक्त तेवढ्या जागेची. दिसत काही नव्हतं, पण वास यायचा, केस जळल्याचा. बाई सांगत होत्या, आता तीन राहिले, आता दोन. हात त्यांचा हलका होता, त्यांना मी दोष देत नाही. पंधरा दिवसांनी खपल्या पडल्या आणि खरंच पापण्या साफ निघाल्या. आत्याने माझी हनुवटी धरून मला उजेडात इकडून तिकडून फिरवून पाहिलं, कापड घेताना पाहतात तसं, आणि म्हणाली, आते सोभस. म्हणजे आता शोभते. मी आरशात पाहिलं आणि सांगायला लाज वाटते, मलाही बरं वाटलं. पण जिना चढताना आता मला मधे थांबायला लागायचं. मी निजले की घशातून घरघर ऐकू यायची. माय माझ्या शेजारी निजायची, ती उठून बसायची आणि माझ्या डोक्याखाली आणखी एक उशी सरकवायची.

सुपारीचा दिवस दिवाळीनंतरचा. पथारीवर पहिला माल उतरला होता. अंगणात मांडव घातलेला, मागे बट्टीच्या भट्ट्या पेटलेल्या, मोठ्या पातेल्यात वरणाला लसूण-मिरचीची फोडणी पडत होती. मी पाटावर बसले, नवी पैठणी, साफ पापण्या. रीत अशी की थोरल्याने मुलीला नाव विचारायचं आणि तिने पूर्ण नाव सांगायचं. दिलीपच्या काकांनी विचारलं आणि आत्या हसत म्हणाली, राहू द्या हो, घरचीच पोर, नाव काय विचारता. लोक हसले. त्या क्षणी माझ्या घशात काहीतरी दाटलं. रडू होतं की राग, मला माहीत नाही, पण ते वर आलं आणि वाट मिळेना. मी श्वास ओढला तर तो आत येईना. शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

आणि त्या भरल्या मांडवात, देवाशपथ सांगते, सगळे एकमुखाने म्हणाले, फोडणीचा ठसका लागला. कुणी गूळ आणला, कुणी पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला, कुणी पाठीत गुद्दे घातले. आत्या म्हणत होती, मिरचीनं व्हयनं, आते बसी जाई, मिरचीने झालं, आता बसेल. माझे ओठ काळे पडायला लागले होते, असं नंतर सांगितलं. तेवढ्यात आतून माय आली. पुरुषांच्या बैठकीतून, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, ती सरळ चालत आली. तिने तांब्या हाताने उडवला, माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं आणि आबांना म्हणाली, गाडी काढा. आबा बघतच राहिले. ती पुन्हा म्हणाली. गाडी निघाली. गावातल्या दवाखान्यात प्राणवायू लावला आणि तिथून रुग्णवाहिकेने सुरतेला. नवापूर मागे पडेपर्यंत माय माझ्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होती, मोठ्याने.

सुरतेला मला जरा स्थिर केल्यावर डॉक्टरीणबाई आणि घशाचे सर्जन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. सर्जन नवा कागद भरत होते. घरात आणखी कुणाला असा आजार? नाही. आई-वडिलांचं लग्न नात्यातलं? आबा म्हणाले, नाही, कूळ वेगळं. मी तोंडावरच्या नळीआडून बघत होते. माय खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हळदीच्या मांडवात असतो तोच आवाज, स्वच्छ, शेवटच्या खाटेपर्यंत जाणारा.

"मन्हा बाप आन् यासनी माय सख्खा भाऊ-बहीण शेतस. आन् आते हाई पोर आत्याना आंडोरले दी ऱ्हायनात. लिखी ल्या."

माझा बाप आणि यांची आई सख्खे भाऊ-बहीण. आणि आता ही पोर आत्याच्या मुलाला देतायत. लिहून घ्या. डॉक्टरीणबाईंना अहिराणी निम्मीच समजली असावी, पण जेवढी समजायला हवी तेवढी समजली. त्यांनी आबांना बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं. हा दोष अर्धा-अर्धा असतो. अर्धा असला तर माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. तुमच्या आजोबा-आजीपैकी कुणाकडे तरी अर्धा होता, तो तुमच्या आईत आला, तिच्या भावात आला, तुमच्यात आला, तुमच्या बायकोत आला. दोन अर्धे या मुलीत भेटले. तुमच्या बहिणीतही अर्धा असू शकतो, तिच्या मुलातही. आबा जमिनीकडे बघत होते. मग आबा मायला म्हणाले, तू हे आधी का नाही सांगितलंस? आणि माय म्हणाली, "कोनी इचारं?"

कुणी विचारलं? या दोन शब्दांवर माझा सगळा जन्म उभा आहे. आबांचा मला राग आहे, आत्याचा आहे, प्रार्थनेच्या बाईंचा आहे, पण मायचाही आहे, हे लिहून ठेवते. ती त्या दिवशी बोलली म्हणून मी जगले. पण सतरा वर्षं ती त्या बाकावर पदर गुंडाळत बसली होती, आणि माझ्या घरघरीचा आवाज सगळ्यांत जास्त तिनेच ऐकला होता. हे तिला मी तिच्या म्हातारपणी बोलून दाखवलं. ती म्हणाली, खरं शे. आणि शेंगा सोलत राहिली.

घशाचा लेझर झाला. पूर्ण भूल होती, त्यामुळे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जाड जिभेमुळे नळी घालायला त्यांना फार त्रास पडला, एवढं नंतर कळलं. शुद्धीवर आले तेव्हा घशात आग होती, पण श्वास, श्वास असा सरळ आत गेला की मी घाबरले. इतकी हवा असते का, सगळ्यांना रोज इतकी हवा मिळते का, असं वाटलं. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं बजावलं होतं. मी पाटी घेऊन बसायचे. सुपारी मोडली. मोडली ती मायने, आत्याला तोंडावर सांगून. आत्या रडली, शिव्याशाप दिले, आणि मग दोन वर्षं आमच्याकडे आली नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो. सर्जनांनी घशात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, छान, आता सगळं खा. मी विचारलं, मिरची? तो माझा पहिला शब्द. आवाज कोकिळेचा झाला नव्हता, हे सांगून टाकते. घोगराच होता, फक्त आधी हवा येत नव्हती, शब्द बोलावला की शब्द यायचा. सर्जन म्हणाले, मिरचीचा आणि तुझ्या घशाचा कधी काही संबंधच नव्हता.

घरी आलो. मायने ताटं वाढली. आबा माझ्यासमोर बसले. सुरतेहून आल्यापासून ते माझ्याभोवती घोटाळत होते, काहीतरी ऐकायला. माझ्या ताटात सवयीने दूध-भाकरी आली होती. आबा म्हणाले, बेटा, बोल ना काही. मी त्यांच्याकडे बघितलं. मग हात लांब करून त्यांच्या ताटातला ठेचा, सगळाच्या सगळा, उचलला, भाकरीच्या तुकड्यावर घेतला आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कानातून वाफा निघत होत्या, पण मी ठसकले नाही. एकदाही नाही. शेवटचा घास संपेपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून खाल्ला, हात धुतला आणि उठले. बोलले नाही.

डॉक्टरांनी मला पंधरा दिवस गप्प राहायला सांगितलं होतं. आबांशी मी दोन वर्षं गप्प राहिले. शाळा पुरी केली, कॉलेजला नाव घातलं आणि दुपारनंतर पथारीवर उभी राहायला लागले. बायांशी बोलायचे, गाडीवाल्यांना झापायचे, व्यापाऱ्यांशी भांडायचे, माझा आवाज पथारीच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. आबा तिथेच लिंबाखाली खाटेवर बसलेले असायचे. त्यांना काही सांगायचं असलं तर मी भावाला सांगे. एकाच पथारीवर, हाकेच्या अंतरावर, दोन वर्षं. वाईट केलं म्हणाल. म्हणा. त्यानंतर आजवर तीनदा घशाचा लेझर झालाय, साठा पुन्हा येतो, पुन्हा जाळावा लागतो, आणि दर वेळी भुलीतून उठताना मला आधी तो सुपारीचा अडकित्ता ऐकू येतो. लग्न केलं नाही, आणि त्याचं मला दुःख असेल असं परस्पर ठरवू नका, तेही आधी मला विचारा.

ते दोन वर्षांचं मौन सुटलं ते असं. हंगाम ऐन भरात होता, दुपार टळून गेली होती, ऊन पाठीत घुसत होतं. ओसरीवरचा फोन वाजला, आबांनी उचलला. लांबचा कुणी व्यापारी होता. मी जवळच मिरचीच्या ढिगाशी उभी होते. त्याने मागच्या खेपेच्या मालाबद्दल काही विचारलं असावं आणि बहुतेक हेही विचारलं असावं की परवा फोनवर त्याच्याशी बोलला तो शेठ कोण. आबांना सगळं माहीत होतं, कुठला माल, किती ओल, कुणाला काय कबूल केलंय. त्यांनी तोंड उघडलं, मला ते दिसलं, उत्तर अगदी ओठावर होतं. मग त्यांनी ते गिळलं.

"शेठ नही. मन्ही आंडेर शे ती. तिलेच इचारा." असं म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझी मुलगी आहे ती, तिलाच विचारा.

मी फोन घेतला. त्या माणसाशी चांगला अर्धा तास बोलले. आबा तेवढा वेळ तिथेच उभे होते, भिंतीला हात टेकून, एक शब्द मधे न घालता. फोन ठेवला आणि त्यांना म्हटलं, "आबा, भाकर खाई ल्या."

माफ केलं असं कुणी समजू नये. दुपार टळली होती आणि त्यांना साखरेचा त्रास होता.